मुद्रितशोधनाचे पहिले काम

पुस्तक छापून बाहेर पडेपर्यंत ते अनेकांच्या हातांतून जाते. लेखक, संपादक, अक्षरजुळणी करणारा, मुखपृष्ठाचा चित्रकार, मुद्रक यांपैकी बहुतेकांचा उल्लेख श्रेयनामावलीत कोठे ना कोठे झालेला असतो. परंतु यंत्रावर चढण्यापूर्वी ज्याने ते अक्षरशः शब्दागणिक वाचलेले असते, त्या मुद्रितशोधकाचे नाव क्वचितच आढळते. चूक राहिली तरच त्याची आठवण होते. असे असले तरी जाणत्या मुद्रितशोधकाची गरज प्रत्येक प्रकाशकाला, छापखान्याला, किंबहुना वार्षिक अहवाल छापणाऱ्या प्रत्येक संस्थेला भासते आणि ऐन हंगामात असा माणूस मिळत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते.

याउलट, मराठी विषय घेऊन पदवी संपादन केलेले तरुण, निवृत्त शिक्षक, घर सांभाळून चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया असा मोठा वर्ग तालुक्यातालुक्यांतून आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना भाषेची उत्तम जाण असते. परंतु काम मागावयास गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘अनुभव काय?’ काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही, अशा या पेचात होतकरू माणूस बहुधा पहिल्या दोन-तीन नकारांनंतर प्रयत्नच सोडून देतो. हा पेच सुटण्यासारखा आहे. मात्र त्यासाठी या कामाचे स्वरूप, त्याची पूर्वतयारी आणि काम मागण्याची रीत या तिन्ही गोष्टी समजून घेणे आवश्यक ठरते.

छापखान्यातून घराकडे

खिळ्यांच्या छपाईच्या काळात मुद्रितशोधक हा छापखान्याचा पगारी नोकर असे. जुळाऱ्याने खिळे जुळवून ते गॅलीत बसवले, की त्यांवर शाई फिरवून कच्चा ठसा काढला जाई आणि तो मुद्रितशोधकाच्या टेबलावर येई. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक जितका त्याच्या सुबक टाइपांमुळे होता, तितकाच तेथील शुद्ध छपाईमुळेही होता. संस्कृत ग्रंथांचे संपादन आणि मुद्रिते तपासणे यांसाठी तेथे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे विद्वान शास्त्री कार्यरत होते. त्या काळी या कामाची प्रतिष्ठा काय होती, हे यावरून ध्यानात यावे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. खिळे गेले, त्यांबरोबर जुळारी गेला आणि पुष्कळ ठिकाणी पगारी मुद्रितशोधकही गेला. आज बहुसंख्य प्रकाशक हे काम बाहेरच्या माणसाकडून, पृष्ठाच्या किंवा शब्दांच्या हिशेबाने करून घेतात. मुद्रिते ई-मेलने येतात आणि तपासून ई-मेलनेच परत जातात. नोकरीची हमी गेली हे खरे; परंतु त्याचबरोबर पुण्या-मुंबईत राहण्याची अटही गेली. गडचिरोली किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, तसेच बेळगाव, इंदूर, बडोदे, गोवा येथील मराठी जाणकारालाही हे काम घरी बसून करता येते. नवख्याला पूर्वी छापखान्यात ज्येष्ठ सहकाऱ्याच्या हाताखाली जे शिक्षण आपोआप मिळे, ते मात्र आता मिळत नाही. ते ज्याचे त्याने मिळवावे लागते.

काम नेमके कोणते?

मुद्रितशोधन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. मुद्रितशोधकाला प्रथम मूळ हस्तलिखिताशी किंवा टंकलिखिताशी मुद्रित ताडून पाहावे लागते. एखादी ओळ गळली आहे काय, एखादा परिच्छेद दोनदा आला आहे काय, हे नुसते मुद्रित वाचून समजत नाही, कारण गळलेल्या ओळीनंतरही वाक्य कित्येकदा बिनबोभाट जुळते. त्यानंतर शुद्धलेखन व विरामचिन्हे येतात. मग एकवाक्यता येते: एकाच पुस्तकात ‘इंग्लंड’ आणि ‘इंग्लंद’, ‘डॉ.’ आणि ‘डॉक्टर’ असे दोन प्रकार राहू नयेत. शेवटी पृष्ठक्रमांक, शीर्षके, अनुक्रमणिका, चित्रांखालील मजकूर, तक्ते व त्यांतील बेरजा पाहावयाच्या असतात. अनुक्रमणिकेत प्रकरण ४७ व्या पृष्ठावर आणि प्रत्यक्षात ते ४९ व्या पृष्ठावर, ही चूक आजही सर्रास आढळते; कारण शेवटच्या क्षणी मजकूर वाढतो, पाने सरकतात आणि अनुक्रमणिका मात्र जागच्या जागी राहते.

लेखकाची भाषा सुधारणे हे मात्र मुद्रितशोधकाचे काम नव्हे. वाक्यरचना बदलणे, मजकूर कापणे हा संपादनाचा भाग होय आणि त्याचा दरही वेगळा असतो. नवखा मुद्रितशोधक बहुधा याच ठिकाणी घसरतो. उत्साहाच्या भरात तो लेखकाची शैलीच ‘शुद्ध’ करून टाकतो. ग्रामीण कथेतील संवाद प्रमाण भाषेत आणून ठेवणारा मुद्रितशोधक दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करून ती मांडावी. अहवालात एका पृष्ठावर ‘२५ सभासद’ आणि दुसऱ्यावर ‘५२ सभासद’ असेल, तर दोहोंपैकी खरे कोणते हे मुद्रितशोधकाने ठरवावयाचे नसून विचारावयाचे असते.

चुकांचे स्वरूप काळाप्रमाणे बदलले आहे. खिळ्यांच्या काळात ‘घ’ च्या जागी ‘ध’, ‘भ’ च्या जागी ‘म’, उलटा बसलेला खिळा, तुटलेला काना या चुका नित्याच्या होत्या. आज त्यांची जागा दुसऱ्या चुकांनी घेतली आहे. जुन्या संगणकीय फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षर फुटते. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांची गल्लत तर विशेषच होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ हे दोन वेगळे समारंभ होत. संगणकावरील शब्दतपासनीस अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतो, कारण दोन्ही शब्द त्याच्या यादीत असतात. ‘शिक्षक दीन’ असा फलक शाळेच्या दारावर लागतो तो याच कारणाने. दिन म्हणजे दिवस व दीन म्हणजे दरिद्री, हा फरक यंत्राला नव्हे, वाचणाऱ्याला कळावा लागतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही मजकूर तपासून देतात. त्यांचा उपयोग पहिल्या चाळणीसारखा करण्यास हरकत नाही. परंतु ती साधने न सांगता शब्द बदलतात आणि बरोबर असलेली विशेषनामेही ‘सुधारतात’, म्हणून त्यांनी केलेला प्रत्येक बदल पुन्हा ताडून पाहावा लागतो. लेखकाचे अप्रकाशित लेखन त्याच्या अनुमतीवाचून अशा साधनांत घालणे तर सर्वथा गैर होय.

पूर्वतयारी

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम म्हणजे मुद्रितशोधकाचे पहिले पाठ्यपुस्तक. ते थोडक्या पानांत मावतात, पण उदाहरणांसह आत्मसात होण्यास काही महिने लागतात. तत्सम ऱ्हस्वान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावयाचे: कवी, मती, गुरू, परंतु समासाच्या पूर्वपदी ते मूळचे ऱ्हस्व राहतात: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. उपान्त्य दीर्घ इ-कार, उ-कार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: जमीन–जमिनीचा, बहीण–बहिणीला, मूल–मुलाला, पण तत्सम शब्दांत तो तसाच राहतो: शरीर–शरीराला, गीत–गीताचा. ‘रहाणे, पहाणे’ असे न लिहिता ‘राहणे, पाहणे’ असे लिहावयाचे. केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मात्र मुळाप्रमाणेच छापावयाचे असतात. तेथे जुना अनुस्वार दिसला म्हणून तो खोडणे ही सुधारणा नसून चूक ठरते. वर्णमाला व अक्षरांची रूपे यांविषयीचे शासन निर्णय २००९ व २०२२ मध्ये निघाले आहेत, तेही पाहून ठेवावेत.

नियम पाठ असले तरी प्रत्येक शब्द नियमातून सोडवीत बसण्यास वेळ नसतो. म्हणून हाताशी कोश लागतो. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ यांपैकी एक तरी संग्रही असावा. शासकीय व सहकारी संस्थांचे अहवाल तपासावयाचे असल्यास भाषा संचालनालयाचे पदनाम कोश व परिभाषा कोश उपयोगी पडतात. काही शब्द असे आहेत, की शिकलीसवरली माणसेही ते हटकून चुकतात: महत्त्व, तत्त्व, उज्ज्वल, आशीर्वाद, पारंपरिक, नावीन्य, प्रावीण्य, अल्पसंख्याक. अशा शब्दांची स्वतःची यादी करीत जावे. दुसऱ्याने केलेली तयार यादी फारशी लक्षात राहत नाही, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

तिसरी तयारी खुणांची. भारतीय मानक संस्थेने मुद्रितशोधनाच्या खुणांचे मानक पूर्वीच ठरवून दिलेले आहे. मजकुरात चुकीच्या जागी लहानशी खूण करावयाची आणि दुरुस्ती समासात लिहावयाची, हे त्याचे मूळ तत्त्व. ओळीच्या डाव्या अर्ध्या भागातील दुरुस्ती डाव्या समासात, उजव्या भागातील उजव्या समासात आणि एकाच ओळीत अनेक दुरुस्त्या असल्यास त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने, मध्ये तिरकी रेघ देऊन लिहावयाच्या. शब्द गळला असेल तर काकपद, खोडलेला शब्द ठेवावयाचा असेल तर त्याखाली टिंबे, अशा वीस-पंचवीस खुणा नित्याच्या कामाला पुरतात. आता बरेच काम पडद्यावर, पीडीएफ धारिकेत टिपणे देऊन केले जाते. तरी कागदावरच्या खुणा अवगत असाव्यात. कित्येक ज्येष्ठ लेखक व संपादक अजूनही कागदच मागतात.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर पहिले काम मिळणे खऱ्या अर्थाने अवलंबून असते, ती म्हणजे नमुना. ज्याच्यापाशी अनुभवाचे प्रमाणपत्र नाही, त्याने कामच दाखवावे. त्यासाठी कोणी काम देईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गावातील ग्रंथालयाची जुनी स्मरणिका, महाविद्यालयाचे नियतकालिक, एखादी माहितीपुस्तिका घ्यावी. तिची पाच-सहा पृष्ठे छायाप्रत काढून रीतसर खुणांनी तपासावीत. मग ती शुद्ध करून पुन्हा टंकलिखित करावीत. असे तीन वेगवेगळ्या प्रकारचे नमुने तयार करावेत: एक ललित, एक माहितीपर, एक तक्ते-आकडे असलेला. ज्या प्रकाशनातून पृष्ठे घेतली, त्याचे नाव नमुन्यावरून काढून टाकणे हे सौजन्यही आहे आणि शहाणपणही. हे नमुने एखाद्या जाणकार शिक्षकाकडून एकदा तपासून घ्यावेत. सुटलेल्या चुका तेथेच कळून येतात आणि त्या कोणत्या जातीच्या आहेत हेही कळते. कोणाची नजर अनुस्वारावरून घसरते, कोणाची जोडाक्षरावरून, तर पुष्कळांची मोठ्या टाइपातील शीर्षकावरून. शीर्षकातील चूक सर्वांना दिसेल असे वाटते म्हणूनच ती कोणी पाहत नाही.

नमुने करताना घड्याळ समोर ठेवावे. ताशी किती पृष्ठे होतात, हे माहीत नसलेला माणूस मुदतही सांगू शकत नाही आणि दरही.

पहिले काम कोठे असते?

नवखी माणसे प्रथम पुण्या-मुंबईच्या नामांकित प्रकाशकांना पत्रे पाठवतात आणि उत्तर न आल्याने खचतात. हा क्रम उलटा करावयास हवा. पहिले काम बहुधा पाच-दहा किलोमीटरच्या परिसरातच असते. तालुक्याच्या ठिकाणी अक्षरजुळणी करणारी लहान केंद्रे असतात. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल असे नाना प्रकारचे काम तेथे येते आणि तपासण्यास तेथे कोणीच नसते. चालकाला स्वतःचा वेळ वाचवणारा आणि गिऱ्हाइकाशी होणारे वाद टाळणारा माणूस हवाच असतो. तो आहे हे त्याला ठाऊक नसते, एवढेच.

कामाचे हंगाम लक्षात घेतल्यास मागणी योग्य वेळी करता येते. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सामान्यतः ३० सप्टेंबरपूर्वी, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हे अहवाल छपाईचे दिवस होत. त्याच सुमारास दिवाळी अंकांची लगबग असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा मुद्रितशोधकांना मोठा आधार देते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जुन्या मुद्रितशोधकांकडे इतके काम साचते, की संपादक नव्या माणसालाही संधी देतात. मात्र त्यासाठी पत्र मे-जूनमध्येच जावयास हवे. महाविद्यालयांची नियतकालिके वर्षअखेरीस निघतात. पीएच.डी.चे प्रबंध बारा महिने चालू असतात. तेथे भाषेइतकेच संदर्भसूचीतील एकवाक्यतेकडे लक्ष द्यावे लागते आणि विद्यार्थ्याचे लेखन त्याच्याऐवजी लिहून देण्याची विनंती आली, तर ती स्पष्टपणे नाकारावी लागते. स्वखर्चाने आत्मचरित्र किंवा कवितासंग्रह छापणारे लेखक, स्पर्धा परीक्षांची पुस्तके काढणारे प्रकाशक, मराठी भाषांतर करून घेणाऱ्या संस्था, चित्रफितींखालील मराठी मजकूर तयार करणारे हीही कामाची ठिकाणे होत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून पहिली पुस्तके निघतात. त्यांचे प्रकाशक बहुधा लहान असतात व त्यांच्याकडे स्वतःचा मुद्रितशोधक नसतो.

काम मागण्याचे पत्र एका पृष्ठापेक्षा मोठे नसावे. त्यात शिक्षण, कोणत्या विषयाची विशेष माहिती आहे, ताशी किती पृष्ठे होतात, कागदावर व पडद्यावर अशा दोन्ही प्रकारे काम जमते की नाही, एवढे सांगून सोबत एक नमुना जोडावा. विषयाची माहिती हे नवख्याचे खरे भांडवल असते. शेतकी पदवीधराला पीकसंरक्षणाच्या पुस्तिकेत ‘मिली’ आणि ‘मिग्रॅ’ यांची अदलाबदल चटकन दिसेल. परिचारिकेला औषधाच्या मात्रेतील चूक दिसेल. निवृत्त लेखापालाला ताळेबंदातील. अशी जाण निव्वळ भाषेच्या पदवीधराकडे नसते. म्हणून ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ असे लिहिण्याऐवजी ‘शेतीविषयक मजकूर विशेष काळजीने तपासला जाईल’ असे लिहिलेले अधिक परिणामकारक ठरते. पत्र पाठवण्यापूर्वी ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको. मुद्रितशोधनाचे काम मागणाऱ्या पत्रातच चूक आढळली, तर पुढे बोलणे होत नाही.

विनामूल्य काम करावे की नाही, याविषयी दोन मते आहेत. दोन-तीन पृष्ठांची चाचणी विनामूल्य करून देणे रास्त आहे. ती रीत सर्वत्र आहे. संपूर्ण पुस्तक ‘चाचणी म्हणून’ मागणारा माणूस चाचणी घेत नसून काम करून घेत असतो. गावातील ग्रंथालयाची किंवा शाळेची एखादी स्मरणिका सेवाभावाने तपासून द्यावयाची असेल तर जरूर द्यावी. परंतु मोबदल्यात श्रेयनामावलीत ‘मुद्रितशोधन’ या शीर्षकाखाली नाव आणि संस्थेच्या कागदावर दोन ओळींचे पत्र मागून घ्यावे. असे काम एकदाच करावे. दुसऱ्या वेळी, अल्प का होईना, मानधन ठरवावे, कारण फुकट करणारा अशी ख्याती एकदा झाली की ती पुसणे फार अवघड जाते.

दर आणि करार

मोबदल्याच्या तीन पद्धती रूढ आहेत: पृष्ठावर, सोळा पृष्ठांच्या फॉर्म्यावर आणि हजार शब्दांवर. पृष्ठाचा दर ऐकावयास सोपा, पण फसवा असतो, कारण पानाचा आकार आणि टाइप यांप्रमाणे एका पृष्ठावर दीडशे शब्दही मावतात व चारशेही. शक्य तेथे शब्दांचा हिशेब करावा. दर मान्य करण्यापूर्वी त्याचे तासांत रूपांतर करून पाहावे. केवळ हिशेबासाठी २०० पृष्ठांचे पुस्तक घेतले आणि पहिल्या वाचनास ताशी ८ पृष्ठे धरली, तर २५ तास होतात. दुसरे वाचन ताशी २० पृष्ठांप्रमाणे १० तास घेते. सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या की नाही हे पाहण्यास आणखी ५ तास, असे एकूण ४० तास होतात. पृष्ठाला २० रुपये ठरले असतील तर ४,००० रुपये, म्हणजे तासाला १०० रुपये पडतात. तिसऱ्यांदा मुद्रित आले, लेखकाने मध्येच दोन प्रकरणे बदलली, तर हाच दर ७० वर येतो. म्हणून किती वाचने करावयाची, जादा वाचनाचा दर काय, मुद्रिते कोणत्या तारखेस येणार व कोणत्या तारखेस परत जाणार, पैसे किती दिवसांत मिळणार, या गोष्टी प्रारंभीच लेखी असाव्यात. त्यासाठी मुद्रांकाच्या कागदाची जरुरी नाही. एक ई-मेल आणि त्यास आलेले ‘मान्य’ असे उत्तर एवढे नवख्याला पुरते. अनोळखी व्यक्तीचे मोठे काम असल्यास काही रक्कम आगाऊ घेण्यात संकोच करू नये.

काम पूर्ण होताच देयक पाठवावे. त्यावर दिनांक, पुस्तकाचे नाव, पृष्ठे किंवा शब्द, दर, बँक खाते व पॅन क्रमांक असावा. मोठ्या संस्था देयकातून उगमस्थानी करकपात करतात. ती दंड नव्हे. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळवता येते. हे माहीत नसल्याने पुष्कळांना पहिल्याच देयकात आपले पैसे बुडाले असे वाटते.

सावधगिरीचा एक विषय

घरबसल्या काम हवे असलेल्यांची निकड ओळखून त्यांना फसवणाऱ्या टोळ्यांनी मुद्रितशोधन व टंकलेखन ही नावे फार वापरली आहेत. प्रकार ठराविक असतो. जाहिरातीत भरघोस मोबदला कबूल केलेला असतो. प्रथम नोंदणी शुल्क किंवा अनामत मागितली जाते. मग शेकडो पाने देऊन अशक्य अशी मुदत घातली जाते. काम परत गेले, की अचूकता ठरल्यापेक्षा कमी भरली असे सांगून मोबदला नाकारतात आणि वर करारभंगाबद्दल नुकसानभरपाई मागणारी नोटीस वकिलाच्या नावाने पाठवतात. घाबरलेली माणसे, विशेषतः घरच्यांना न सांगता काम घेतलेल्या स्त्रिया व विद्यार्थी, आणखी पैसे भरून मोकळे होतात आणि गप्प राहतात.

काम देणारा पैसे देतो, घेत नाही. काम मिळवण्यासाठी कोणतीही रक्कम मागितली गेली, की तेथेच थांबावे. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि संदेश, पावत्या, नोटीस असे सर्व काही जपून ठेवून पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. धमकीच्या नोटिशीला घाबरून दुसरा हप्ता भरू नये. शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत आणि महिला बचत गटांपर्यंत पोहोचवली, तर कित्येकांची फसवणूक टळेल.

स्थानिक संस्थांना करता येण्यासारखे

छापील चुकीची किंमत सर्वांत अधिक ग्रामीण भागाला मोजावी लागते. सातबारा उताऱ्यावर नावातील एक अक्षर चुकले, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून घेण्यासाठी शेतकऱ्याला तहसील कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. अभिलेख तपासणे हे अर्थातच बाहेरच्या मुद्रितशोधकाचे काम नव्हे. ती जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्यांची असते. परंतु संस्थांचे अहवाल, योजनांची माहितीपत्रके, लाभार्थ्यांसाठीच्या पुस्तिका, शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका यांबाबत तसे नाही. माहितीपत्रकात अर्जाची अखेरची तारीख ‘१३’ ऐवजी ‘३१’ छापली गेली, तर त्यावर विसंबलेल्या माणसाचा अर्ज जातो, छापणाऱ्याचे काहीच जात नाही.

प्रत्यक्षात काय घडते? छपाईच्या अंदाजपत्रकात कागद, अक्षरजुळणी, छपाई व बांधणी यांची कलमे असतात, मुद्रितशोधनाचे नसते. मग प्रकाशन समारंभाच्या आदल्या संध्याकाळी सर्व मुद्रिते मराठीच्या शिक्षकांपुढे ठेवली जातात. ‘तुमचाच विषय आहे, नजर टाका,’ असे सांगितले जाते. शिक्षक रात्रभर जागतात आणि दुसऱ्या दिवशी शीर्षकातच चूक निघते. अंदाजपत्रकात मुद्रितशोधनाचे लहानसे कलम घातले आणि चार दिवसांची मुदत दिली, तर तेच काम गावातील एखाद्या पदवीधर मुलीला देता येईल. तिला मानधनाबरोबरच ‘हे काम मुदतीत व समाधानकारक केले’ असे संस्थेच्या शिक्क्याचे पत्र मिळेल. प्रकाशक ज्याला अनुभव म्हणतात, तो हाच. अशी होतकरू मुले कोणती, हे शिक्षकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पहिले काम हाती आल्यावर ते तीन वेगवेगळ्या वेळी वाचावे: एकदा मुळाशी ताडून, एकदा अर्थाकडे लक्ष देऊन आणि एकदा केवळ शीर्षके, आकडे व नावे पाहत. मूळ प्रत दुसऱ्याने मोठ्याने वाचावी आणि मुद्रित आपण पाहावे, ही छापखान्यांतील जुनी पद्धत घरच्या माणसाच्या मदतीने आजही पाळता येते. नऊवारीच्या हिशेबाने नव्हे तर सुताच्या हिशेबाने पाहणाऱ्या विणकऱ्याप्रमाणे येथे गती कमीच ठेवावी लागते. पुस्तक छापून आल्यावर त्याची प्रत मागून घ्यावी आणि आठवडाभराने, नजर ताजी झाल्यावर, ती पुन्हा वाचावी. त्यात चुका सापडतीलच. त्या पृष्ठ व ओळ यांसह लिहून एक प्रत स्वतःच्या नोंदवहीत ठेवावी व दुसरी पुनर्मुद्रणाच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून प्रकाशकाकडे पाठवावी. दुसरे काम पुष्कळदा याच पत्राच्या उत्तरात येते.